रंग खाणारी साय

सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या चिट्यालांच्या रंगाईच्या कारखान्यात सकाळी आठ वाजता पाणी प्यायचा कार्यक्रम असे. हौदाच्या शेवटच्या तोटीखाली हेमलता काचेचा पेला धरायची, उजेडाकडे करून एकदा बघायची आणि घटाघटा पिऊन टाकायची. त्याच हौदाच्या पहिल्या तोंडाशी टॉवेल रंगवून उरलेलं काळं-जांभळं पाणी वाफा सोडत पडत असायचं. आलेला पाहुणा एकदा या टोकाकडे बघायचा, एकदा त्या टोकाकडे, आणि हेमलताने पुढे केलेला दुसरा पेला बहुतेक वेळा नम्रपणे नाकारायचा. तिला त्याचा राग यायचा नाही. दोन वर्षांपूर्वी तिनेही नाकारलाच असता.

या दोन टोकांच्या मध्ये जादूबिदू काही नव्हती. साय होती. जिवाणूंचा जाड, पिवळट, सुरकुतलेला थर पाण्यावर धरलेला असे, म्हणून कामगारच त्याला साय म्हणू लागले आणि हेमलताने तेच नाव कायम केलं. अप्पांच्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या, कारखान्यामागे एक जुनं दगडी टाकं होतं. तीस वर्षं त्यात रंगाचं सांडपाणी मुरलं आणि तेवढ्या काळात त्यातले जिवाणू रंगावर जगायला शिकले. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या हेमलताच्या एक दिवस लक्षात आलं, की टाक्याच्या एका कोपऱ्यातलं पाणी निवळ आहे. नोकरी सोडून ती त्या कोपऱ्याच्या मागे लागली. नातेवाइकांनी कपाळाला हात लावला. अप्पांनी मात्र एक हौद रिकामा करून दिला.

साय दुसऱ्याला द्यायची ती विरजणासारखी. तांब्याभर घ्यायची, नव्या हौदात सोडायची आणि चाळीस दिवस वाट बघायची. प्रत्येक कारखान्याचे रंग वेगळे. त्यांची ओळख पटायला सायीला तेवढे दिवस लागत. एकदा रुळली की मग काळं पाणी दोन दिवसांत निवळ होई आणि त्याला ओल्या मातीचा मंद वास येई. हेमलताच्या आईने हयात असेपर्यंत एक नियम पाळायला लावला होता. विरजण देताना आधी चमचाभर आपल्यासाठी बाजूला काढायचं, मग द्यायचं. "सगळं देऊन बसलीस तर उद्या मागायला कुणाकडं जाशील?" असं ती म्हणायची.

सहा कारखान्यांपर्यंत हे असं बेताबेताने चाललं. पण गावात रंगाईचे कारखाने शंभरावर होते आणि वस्तीमागचा ओढा रोज नव्या रंगाने वाहत होता. या चालीने सगळ्यांपर्यंत पोचायला हेमलताला जन्म पुरला नसता. म्हणून तिने पुण्याच्या वेगशाळेत अर्ज केला.

वेगशाळा हे लोकांनी पाडलेलं नाव. कागदोपत्री ती 'हरितवेग' होती. हवा, पाणी, ऊर्जा यांच्या शुद्धीचं काहीतरी नवं हाती असलेल्या कोवळ्या कंपन्यांना जागा, यंत्रं, सल्ला आणि थोडं भांडवल द्यायचं आणि बारा आठवड्यांत त्यांना बाजारात उभं करायचं, हे तिचं काम. हेमलताच्या तुकडीत नऊ कंपन्या होत्या. कुणी भाताच्या तुसापासून बॅटरी करत होतं, कुणी शहरातल्या गरम हवेतून पाणी काढत होतं. सगळे तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आणि सगळे एकमेकांना नुसत्या नावाने हाक मारणारे. हेमलताला ते शेवटपर्यंत जमलं नाही. प्रमुख ऋतुपर्ण देवस्थळी पस्तिशीचा होता, तरी ती त्याला सर म्हणे आणि तो तिला ताई.

देवस्थळी वाईट माणूस नव्हता. हे आत्ताच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे जे झालं त्यात एखादा वाईट माणूस सापडला असता तर सगळ्यांचीच सोय झाली असती.

वेगशाळेच्या मोठ्या भिंतीवर एक वेगफलक होता. दर सोमवारी त्यावर नऊ कंपन्यांच्या नऊ रेघा उमटत. आठ रेघा वर चढत होत्या आणि हेमलताच्या 'सायजल'ची रेघ चौथ्या आठवड्यापर्यंत ढिम्म आडवी पडलेली होती. सगळे समंजस होते, कुणी हसलं नाही. त्यामुळे तिला जास्तच लाज वाटली.

"ताई, चाळीस दिवस म्हणजे आपली अर्धी मुदत झाली," देवस्थळी म्हणाला.

"जिवंत गोष्ट आहे सर. रुळायला वेळ लागतोच की."

"जिवंत आहे म्हणूनच तर सोपं आहे. चला, तुम्हाला पिढीयंत्र दाखवतो."

पिढीयंत्र तळघरात होतं, कपाटाएवढं आणि तितकंच गप्प. त्याच्या पोटात केसासारख्या बारीक नळ्यांतून लाखो थेंब फिरत. प्रत्येक थेंबात चिमूटभर जिवाणू आणि किंचित रंग. थेंबातून प्रकाशाचा किरण सोडायचा. ज्या थेंबातून उजेड आधी आरपार जाईल त्यातले जिवाणू पुढच्या पिढीसाठी ठेवायचे, बाकीचे फेकून द्यायचे. अशी निवड रात्रंदिवस चाले. दगडी टाक्याने तीस वर्षांत केलेलं काम हे यंत्र अकरा दिवसांत करणार होतं.

"उजेड आरपार गेला म्हणजे पाणी स्वच्छ. हेच मोजायचं ना?" हेमलताने विचारलं.

"अजून काय मोजणार? तुमची अडचण रंगाचीच आहे ना?"

तिने मान डोलावली. खरं तर प्रश्न तिचाच होता आणि उत्तरही तिलाच माहीत असायला हवं होतं. रंग दिसेनासा होणं आणि रंग नाहीसा होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिने बावीस वर्षं पोरांना शिकवलं होतं. पण त्या क्षणी तिच्या डोळ्यांपुढे ती आडवी पडलेली रेघ होती. माणूस घाईत असला की स्वतःचंच शिकवलेलं विसरतो, त्यात नवल ते काय.

बाराव्या दिवशी नवी साय हातात आली. चाळीस दिवस नाहीत की ओळखपाळख नाही. कुठलाही रंग असो, चार तासांत पाणी काचेसारखं. सोमवारी सायजलची रेघ अशी काही उठली की तुकडीतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि हेमलताला हसू आवरेना.

भांडवल द्यायला तीन जण पुढे आले. त्यांची अट एकच होती. तिला वेगशाळेत 'एक वंश' म्हणत. कंपनीकडे जिवाणूंचा एकच प्रमाणित वंश असला पाहिजे, आधीचे सगळे नमुने साक्षीदारांसमोर नष्ट झाले पाहिजेत. जुना वंश बाहेर राहिला तर उद्या कुणीही त्यातून दुसरी साय बनवेल, मग मालकी कशाची? सगळ्याच कंपन्या हे करत होत्या. तसा रिवाजच होता. मग सहा कारखान्यांचे हौद क्लोरीनने धुतले गेले. दगडी टाकंही धुतलं गेलं. शेवटी वेगशाळेच्या वाफेच्या भांड्यात जुन्या सायीच्या उरलेल्या बाटल्या ठेवल्या आणि बटण दाबायचं काम हेमलताकडे आलं.

तिला आई आठवली. चमचाभर साय डबीत काढून पर्समध्ये टाकली असती तर कुणाला पत्ता लागला असता? कुणालाच नाही. पण शपथपत्रावर तिची सही होती आणि खोटी सही करायची तिला सवय नव्हती. तिने बटण दाबलं. आईचा नियम तिने आयुष्यात एकदाच मोडला आणि तोही प्रामाणिकपणापायी.

बाराव्या आठवड्यातल्या सादरीकरणात चारशे माणसांसमोर व्यासपीठावर काचेची टाकी होती. हेमलताने त्यात डाळिंबी रंग ओतला, चार तासांनी हौदावरचा तोच पेला भरला आणि उजेडाकडे धरून पिऊन टाकला. सगळं सभागृह उभं राहिलं. तो फोटो पुढे सायजलच्या प्रत्येक हौदावर लागला: हातात पेला, मान मागे, डोळे मिटलेले.

त्यानंतरचे आठ महिने कसे गेले ते तिला कळलंही नाही. सहाचे एकेचाळीस कारखाने झाले, मग नऊ शहरं झाली. कंपनीचं संचालक मंडळ आलं आणि हेमलता निर्णय घेणारी राहिली नाही, भाषणं करणारी झाली. पण तिची तक्रार नव्हती, कारण वस्तीमागचा ओढा निवळला होता. तळाचे गोटे दिसत होते. त्या भागात नळाला चार दिवसांनी एकदा पाणी यायचं. आजवर ओढ्याकडे नाक धरून पाठ फिरवणाऱ्या बाया आता तिथे घागरी भरायला लागल्या. शेजारच्या अंबक्का विड्या वळायच्या. त्या आधी पानं भिजवायला ओढ्याचं पाणी न्यायच्या, मग धुण्याला, मग स्वयंपाकाला. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "आमची हेमा पितेय की रोज. मग आपल्याला काय धाड भरलीय?"

हेमलता गावी नसली की सकाळचा पेला अप्पा प्यायचे. चौऱ्याहत्तराव्या वर्षी ते कामावरून मोकळे झाले होते, पण आठचा कार्यक्रम त्यांनी चुकू दिला नाही. लेकीचा अभिमान होता त्यांना, दुसरं काय.

एका सकाळी त्यांनी पेला तोंडाजवळ नेला आणि परत खाली घेतला.

"हेमा, पाण्याला वास नाही गं."

"मग बरंच की, अप्पा."

"आधी होता. ओल्या मातीचा. कधीपासून गेलाय बघ." त्यांनी पेला कठड्यावर ठेवला. "बर्फ आण जरा. आणि मागच्या कपाटातली नायट्राइटची डबी."

अप्पा तरुण होते तेव्हा एक लाल रंग असा होता की तो डब्यात मिळायचाच नाही, सुतावरच तयार करावा लागे. रंगाचा एक अर्धा भाग सुतावर चढवायचा. दुसरा अर्धा पाण्यात, बर्फ आणि अ‍ॅसिड घालून नायट्राइटने जागा करायचा. दोन्ही अर्धे पांढरे, कुणाला काही दिसायचं नाही. सूत पाण्यात बुडवलं की अर्धे एकमेकांना भेटायचे आणि तिथल्या तिथे लाल उमटायचा. अप्पा त्याला बर्फाचा रंग म्हणत. वर्षानुवर्षं कुणी तो केला नव्हता, पण हाताला सगळं आठवत होतं.

त्यांनी तोटीखालचं निवळ पाणी वाडग्यात घेतलं, त्यात बर्फ टाकला, अ‍ॅसिड मोजून सोडलं, चिमटीने नायट्राइट घातलं. रंगाचा दुसरा अर्धा भाग मात्र घातला नाही. मग रंगाचा पहिला अर्धा भाग चढवून घेतलेली सुताची पांढरी लडी हळूच आत सोडली.

आधी काहीच झालं नाही. मग लडी फिकट गुलाबी झाली. बघता बघता ती लालभडक झाली.

"रंग गेलेला नाही हेमा," अप्पा म्हणाले. "मोडलाय नुसता. तुकडे पाण्यातच हायत."

 हेमलताला दुसऱ्या कुणी समजावून सांगायची गरजच नव्हती. रंगाचा रेणू मधोमध तुटला की त्याचे तुकडे बिनरंगी होतात, आणि त्यातले कितीतरी मूळ रंगापेक्षा घातक असतात. वर्षानुवर्षं पोटात गेले तर मूत्राशयात गाठ धरवणारे. जुन्या सायीत दोन जातींचे जिवाणू एकत्र नांदत होते. एक जात रंग मोडायची आणि दुसरी ते तुकडे सावकाश खाऊन संपवायची. चाळीस दिवस लागायचे ते त्या दुसरीला. मातीचा वास तिचाच होता. पिढीयंत्राने उजेडावरून निवड केली आणि उजेड तर पहिल्या जातीनेच आरपार जाऊ दिला होता. दुसरी जात यंत्राच्या लेखी आळशी ठरली आणि पहिल्याच दिवशी फेकली गेली.

"अप्पा, तुम्ही आठ महिने हे पीत होता."

"एक पेला. कधी दोन." ते लडी पिळत होते. "त्रास दिसायला किती वर्षं लागतात?"

"पंधरा. वीस."

"मग माझं काय घेऊन बसलीस? अंबक्काची नात चार वर्षांची आहे." मग त्यांनी अगदी सहज विचारलं, "जुन्या सायीचं विरजण काढून ठेवलंयस ना?"

 अप्पांनी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि पुन्हा विचारलं नाही. ती तिथेच हौदाच्या कठड्यावर बसून रडली, आणि तिच्या डोक्यावर तिचाच पेला पितानाचा फोटो होता.

देवस्थळी त्याच दुपारी पुण्याहून आला. त्याने कानाडोळा केला नाही. लाल लडी हातात घेऊन त्याने ती उजेडात नीट बघितली. मग त्याने करता येण्यासारखं सगळं केलं. संचालक मंडळापुढे लडी ठेवली. त्यांनी सखोल तपासणीचा ठराव केला. पिढीयंत्राला नवी कसोटी दिली, पण यंत्र असलेल्यातून निवडतं, नसलेलं आणत नाही. दुसऱ्या जातीचा एकही जिवाणू कुठे उरला नव्हता. दगडी टाक्यातला गाळ खरवडून बघितला, तर तिथेही क्लोरीनने चोख काम केलं होतं. सरकारी तपासणी आता आकाशातून होई. उपग्रह पाण्याचा रंग बघायचा आणि ओढ्याला केव्हाच उत्तम शेरा मिळालेला होता. तपासणी खात्यातल्या अधिकाऱ्याने अदबीने विचारलं, "तक्रार नेमकी कशाची नोंदवू? पाणी स्वच्छ असल्याची?"

"हौद तरी बंद करा," हेमलता म्हणाली.

"दहा दिवस झगडून सोलापूरचे एकेचाळीस बंद करवले ताई," देवस्थळी म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. "पण साय हौदात राहिलेली नाही. ओढ्यात गेलीय, गोट्यांवर, मुळांवर धरलीय. शहरातून येणारा सगळा रंग ती आता तिथेच मोडतेय, आणि आपल्याहून वेगाने. नऊच्या नऊ शहरांत तेच झालंय. मला सांगा काय करू. मी खरंच करीन."

 दोघांनी हात टेकले होते.

उरल्या त्या घागरी. हेमलता लडी घेऊन ओढ्यावर गेली, बायांना गोळा केलं आणि बर्फ घालून सगळा प्रयोग करून दाखवला. सूत लाल झालं. बायांनी ते हातात घेऊन बघितलं, रंग छान आल्याचं एकीने सांगितलंसुद्धा.

"पण हेमा," अंबक्का म्हणाल्या, "तू त्यात अ‍ॅसिड घातलंस, पावडर घातलीस, मग लाल झालं. आम्ही कुठं पाण्यात अ‍ॅसिड घालतो?"

"अक्का, विष आधीपासूनच आहे. मी फक्त दाखवलं."

"मग तू का प्यालीस? सगळ्या गावापुढं?"

"मला माहीत नव्हतं."

"तेव्हा माहीत नव्हतं, आता माहीत झालं. उद्या आणखी काही माहीत होईल." अंबक्कांनी घागर कमरेवर घेतली. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. "नळाला परवा पाणी आहे. तोवर काय करू, सांग की."

हेमलताने हौदांवरचे फोटो फाडले. लोक म्हणाले, कंपनीशी तिचं बिनसलेलं दिसतंय.

मग एका दुपारी तिने मनाशी ठरवलं. हे पाणी काळं होतं तेव्हा कुणी त्याला शिवत नव्हतं. गुरंसुद्धा तोंड लावत नव्हती. एवढी वर्षं तो रंगच सगळ्यांना राखत होता, आणि तिने पहिल्यांदा त्यालाच हाकललं होतं. तर तो परत आणायचा. अप्पांच्या कोठीत डाळिंबी रंगाची दोन पिंपं पडून होती. ती तिने टेम्पोत घालून पुलावर नेली आणि भर उन्हात, येणाऱ्या-जाणाऱ्यांदेखत, ओढ्यात उपडी केली.

या काठापासून त्या काठापर्यंत ओढा डाळिंबी झाला. पुलावर माणसं जमली. कुणी शिव्या दिल्या, कुणी व्हिडिओ काढले, एकाने पोलिसांना फोन लावला. हेमलताने कुणाकडे बघितलं नाही. कित्येक दिवसांत पहिल्यांदा तिचा जीव भांड्यात पडला होता. ती काठावर उतरली आणि रंगाच्या बरोबर चालू लागली. ओढा तिथे संथ होता. वस्ती दीड-दोन किलोमीटरवर होती, आणि बाया पाण्याला यायच्या वेळेला रंग तिथे पोचणार होता.

बाभळींपर्यंत पाणी डाळिंबी होतं. स्मशानाच्या वळणावर ते विटकरी दिसलं. तिला वाटलं, ऊन पडल्यामुळे असेल. मोडक्या बांधाशी ते गुलाबी झालं. तिने खाली वाकून बघितलं. पाण्याखाली एकूण एक गोट्यावर जाड, पिवळट साय धरलेली होती, प्रवाहात सावकाश हलत होती. हेमलता पळायला लागली. पदर खोचून, चपला टाकून, पन्नाशीची बाई काठाकाठाने रंगाला गाठायला पळत होती, पण गुलाबीसुद्धा तिच्यासमोर विरत विरत गेली, आणि धुण्याच्या दगडांशी ती पोचली तेव्हा पाणी नितळ होतं. तळाचा वाळूचा कणन्‌कण दिसत होता.

अंबक्का घागर बुडवत होत्या. नात शेजारी बसून ओंजळीने पाणी पीत होती.

"अक्का, नको!" हेमलता ओरडली. "मी आत्ता दोन पिंपं रंग ओतलाय यात. पुलावर. विचारा कुणालाही."

"कळलं की. फोनवर आलंय सगळ्यांच्या." अंबक्कांनी भरलेली घागर वर उचलली आणि ओंजळभर पाणी तिच्यापुढे धरलं. त्यात त्यांच्या तळहाताच्या रेघा स्वच्छ दिसत होत्या. "तू एवढा रंग ओतलास आणि बघ, इथवर थेंबभर तरी आला का? तुझंच पाणी हेमा. अजून कसं स्वच्छ पाहिजे तुला?"